सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन: 2008 ची 325आय घ्यावी का?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एका गृहस्थांची 2008 ची बीएमडब्ल्यू 325आय विकायची आहे. पेट्रोल, एमएच-09 पासिंग, 88 हजार किलोमीटर चाललेली. साडेपाच लाख मागतायत. गाडी राजारामपुरीतच असते, काल संध्याकाळी बघून आलो.

सोळा वर्षं चार सिलिंडरच्या गाड्या चालवतोय. काल बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवला, तर सुरू आहे की बंद हे बघायला आत जाऊन आरपीएमचा काटा बघावा लागला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

इंजिनाला एन52 म्हणतात एवढंच कळलंय. त्याची रचना कशी असते, ते कुठं कुठं बिघडतं, आणि कोल्हापुरात राहून ते सांभाळता येईल का, हे तीन प्रश्न आहेत. घरचे म्हणतात तेवढ्यात नवी छोटी गाडी येते. पटतंय. पण एकदा तरी सहा सिलिंडर स्वतःचं असावं असं फार वाटतं.

घाटवेडा | सोमवार, रात्री 9.52

घ्या. पुढचं नंतर बोलू.

वाघबीळ | सोमवार, रात्री 10.15

घाटवेडा, पैसे तुमचे नाहीत म्हणून किती पटकन सांगताय! :)

2008 ची म्हणजे 15 वर्षं होऊन गेली. आरसीचं नूतनीकरण झालंय का ते आधी बघा. ते पाच वर्षांसाठी होतं, फिटनेस बघतात, हरित कर वेगळा. कागद चोख नसतील तर इंजिन कितीही गोड असलं तरी नको.

एकशेवीस_अंश | सोमवार, रात्री 11.30

रचनेवर लिहितो. थोडं लांबेल.

एन52 हे सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, 2004 पासून 2015 पर्यंत बनलं. दोन आकार: 2,497 सीसी आणि 2,996 सीसी. तुम्ही बघितलेल्या गाडीत अडीच लिटरचं, 82 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), 78.8 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 218 अश्वशक्ती. टर्बो नाही. 3 लिटरच्या इंजिनाचं वजन 161 किलोच्या आसपास, सहा सिलिंडरला हे फारच कमी.

हात ठेवल्यावर कळलं नाही, त्याचं कारण क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यात आहे. सहा क्रँकपिन तीन जोड्यांत, एकमेकींपासून 120 अंशांवर. 1 आणि 6, 2 आणि 5, 3 आणि 4 हे पिस्टन जोडीनं वर-खाली होतात. पुढचे तीन आणि मागचे तीन एकमेकांचं प्रतिबिंब. त्यामुळे पिस्टनच्या हालचालीतून उठणारी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाची (क्रँकच्या एका फेऱ्यात एकदा आणि दोनदा उठणारी) बलं आणि त्यांची आघूर्णं आपोआप मिटतात. चार सिलिंडरमध्ये दुसऱ्या क्रमाचा धक्का शिल्लक राहतो, म्हणून मोठ्या चार सिलिंडर इंजिनांत बॅलन्स शाफ्ट घालतात. इथे गरजच नाही. शिवाय क्रँकच्या दर 120 अंशांना एक स्फोट होतो, क्रम 1-5-3-6-2-4. पहिल्याचा जोर संपायच्या आत दुसरा हजर असतो.

दुसरी मोठी गोष्ट व्हॅल्व्हट्रॉनिक. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवा अडवते आणि इंजिनाला ती ओढून घ्यावी लागते, त्यात ताकद वाया जाते. इथे थ्रॉटल आहे, पण चालताना तो बहुतेक उघडाच. हवा किती घ्यायची हे इनटेक व्हॉल्व्हच किती उचलायचा यावर ठरतं, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापासून जवळजवळ दहा मिलिमीटरपर्यंत. एक मोटर एक्सेंट्रिक शाफ्ट फिरवते आणि हे साधतं. जोडीला दोन्ही कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं) टायमिंग बदलणारा व्हॅनोस आहेच.

आणि सगळ्यात चांगली गोष्ट सांगायची राहिली. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे पोर्टमध्ये फवारलं जातं, थेट सिलिंडरमध्ये नाही. म्हणून व्हॉल्व्ह धुतले जातात, कार्बनचे थर बसत नाहीत. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे, आणि ती दणकट आहे.

पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी 7.05

एकशेवीस_अंश, दोनदा वाचलं. प्रतिबिंबाची गोष्ट पहिल्यांदाच नीट कळली. 161 किलो कसं काय जमवलं?

बिडकाम | मंगळवार, दुपारी 1.20

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. शिरोलीत फाउंड्रीत सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न माझा.

आपल्याकडे कोल्हापुरात मुख्य काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बिडाची घनता 7.2 च्या आसपास, ॲल्युमिनियमची 2.7, मॅग्नेशियमची 1.74. या इंजिनाचा ब्लॉक बाहेरून मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. वजन तिथं गेलं.

पण मॅग्नेशियमला दोन खोडी. कुलंट लागला की ते गंजतं, आणि सिलिंडरमध्ये पिस्टनचं घर्षण सोसायची त्याची ताकद नाही. म्हणून आतमध्ये ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा एक गाभा, त्यातच सहाही सिलिंडर आणि कुलंटचे मार्ग. तो साच्यात ठेवून भोवती मॅग्नेशियम ओतलेलं. दोन वेगळे धातू, दोघांचं प्रसरण वेगळं, आणि मधे फट पडता कामा नये. ज्यानं हे ओतकाम पहिल्यांदा बसवलं त्याला माझा नमस्कार. वितळलेलं मॅग्नेशियम उघड्या हवेत पेट घेतं. त्यावर पाणी टाकलं तर हायड्रोजन सुटून स्फोट होतो. आमच्या भट्टीवर असलं काम मी कुणाला करू देणार नाही.

आता तुमच्या कामाचं. या ब्लॉकला पोलादी बोल्ट चालत नाहीत. मॅग्नेशियमला पोलाद चिकटलं आणि वर ओल लागली की बॅटरी तयार होते, आणि त्यात झिजतं ते मॅग्नेशियम. म्हणून ब्लॉकवर बाहेरून जे काही बसवलेलं आहे त्याचे बोल्ट ॲल्युमिनियमचे. ते आधी ठरलेल्या टॉर्कला आणि मग ठरलेल्या अंशांत फिरवून ताणून बसवायचे असतात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. काढला की फेकायचा.

गाडी याआधी कुणी उघडली आहे का ते बघा. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. ओळखायला सोपं जावं म्हणून ॲल्युमिनियमच्या बोल्टना निळा रंग असतो, पण इतक्या वर्षांत तो उडालेला असतो. चुंबक मात्र चुकत नाही. जिथं ॲल्युमिनियमचा बोल्ट हवा तिथं चुंबक चिकटला तर समजा कुणीतरी हात मारलाय.

घाटवेडा | मंगळवार, दुपारी 1.41

बिडकाम काका, नाद खुळा! चुंबकाची युक्ती वहीत लिहून ठेवली.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री 8.30

मी गॅरेज चालवतो. असली इंजिनं पाच-सहाच हाताखालनं गेली, पण जे बघितलं ते सांगतो. एकशेवीस_अंश साहेबांनी गोड बाजू सांगितली, आता मी दुसरी सांगतो.

पहिलं वॉटर पंप. पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो. इंजिन बंद केल्यावरसुद्धा चालू राहून गार करतो, कल्पना झकास. पण जायच्या आधी सांगत नाही. जुना पंप आधी गळायचा, कुईकुई करायचा. हा एकदम थांबतो. साधारण लाख किलोमीटरच्या मागंपुढं धरून चाला. थर्मोस्टॅट पण विजेचा, दोन्ही एकदमच बदलायचे, कारण पोचायची मजुरी एकच. तुमची गाडी 88 हजारांवर आहे म्हणजे पंप बदललेला नसंल तर तो खर्च आत्ताच धरा.

दुसरं ऑइल गळती. तीन जागा ठरलेल्या: व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट, आणि ऑइल पॅनचं. उष्णतेनं रबर बिस्किटासारखं होतं. फिल्टर हाउसिंगची गळती साधी समजू नका. ऑइल खाली पट्ट्यावर पडतं, पट्टा सुटतो, आणि क्रँकच्या पुलीमागनं सील फाडून त्याचे धागे इंजिनात ओढले गेल्याच्या केसी आहेत. एवढ्याशा रबरापायी आख्खं इंजिन. व्हॉल्व्ह कव्हर गळलं की ऑइल एक्सेंट्रिक शाफ्टच्या सेन्सरात शिरतं, मग गाडी लंगडते.

तिसरं टकटक. थंड इंजिनात हायड्रॉलिक टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबानं भरून काढणाऱ्या तुकड्याचा आवाज. गाडी नुसती चार-चार किलोमीटर फिरवली की त्यात हवा अडकते. 2008 च्या शेवटी हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) सुधारणा झाली, त्याआधीच्या गाड्यांत हे जास्त. लांब पल्ल्याला नेली की बहुतेकदा जातं.

चौथं व्हॅनोसचे सोलेनॉइड, म्हणजे त्याला ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपा. घाण बसती. इनटेक-एक्झॉस्टचे दोन्ही सारखेच असतात, अदलाबदल करून बघायचं. बिघाडाचा कोड दुसऱ्या बाजूला गेला तर सोलेनॉइड खराब, नाही गेला तर दुखणं दुसरीकडं. फुकटातली तपासणी.

एकशेवीस_अंश | मंगळवार, रात्री 9.10

उद्यमनगरींचं सगळं मान्य. एकच भर घालतो: ऑइल मोजायची काडी या गाडीत नसते. सेन्सर आणि पडदा. इंजिन गरम असताना मोजायचं. ऑइल साडेसहा लिटर, बीएमडब्ल्यूच्या एलएल-01 दर्जाचं. गाडीतला संगणक 25 हजार किलोमीटरपर्यंत ऑइल बदलायला सांगत नाही, आणि कंपनीनं तो आकडा विचार करूनच ठेवलेला आहे.

उद्यमनगरी | मंगळवार, रात्री 9.24

साहेब, इथं आपलं जमणार नाही. 25 हजार म्हणजे आपल्याकडं दोन-अडीच वर्षं. धूळ, सिग्नल, कावळा नाक्याची गर्दी, मे महिन्याचं ऊन. मी दहा हजारांवर बदलतो, नाहीतर वर्षाला. व्हॅनोस आणि टॅपेट दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात. काळं ऑइल त्यांच्या बारीक वाटा बुजवतं.

एकशेवीस_अंश | मंगळवार, रात्री 9.50

विचार केला. गाडी शहरातच फिरणार असेल तर तुमचं बरोबर. रोज हायवेला चालणारी असती तर मी माझ्या म्हणण्यावर ठाम राहिलो असतो.

सायली_क | बुधवार, सकाळी 10.30

पंपाबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. बाबांकडे सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी होती, कंपनी वेगळी, नाव लिहीत नाही. पंप तिचाही विजेवरचाच. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर पंखा एकदम मोठ्यानं घोंघावायला लागला. एसीतून गरम हवा आली. बाबा म्हणाले, चढ संपला की बाजूला घेऊ. चढ संपेपर्यंत फार तर तीन-चार मिनिटं गेली असतील. काटा लाल रेषेच्या पार गेला होता. हेड वाकलं.

बाबांचं फार चुकलं असंही म्हणता येत नाही, मागे ट्रकांची रांग होती आणि आई शेजारी बसलेली. पण जुन्या गाड्यांत जो वेळ मिळायचा तो या इंजिनांत मिळत नाही. पंखा तसा ओरडला की त्याच क्षणी गाडी कडेला आणि इंजिन बंद. पंचगंगाकाठ दादा, गाडी घेतलीत तर घरात जो कोणी चालवेल त्याला पहिल्या दिवशी हे सांगा.

बिडकाम | बुधवार, दुपारी 1.15

सायलीताई, वाचून वाईट वाटलं.

एन52 तापलं तर आणखी एक अडचण येते. बिडाचा ब्लॉक असला तर आपल्या उद्यमनगरात बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकून पुन्हा उभा करतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. इथं लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेल्या वेगळ्या नळ्या) नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत सिलिकॉनचे कठीण कण उघडे ठेवलेले असतात, पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर सरकतात. साधं बोअरिंग केलं तर ते कण तुटतात, पृष्ठभाग गेला. म्हणून या इंजिनाला तापू देणं परवडत नाही.

ऊसकरी | बुधवार, संध्याकाळी 6.40

शिरोळ तालुक्यातून. पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल कुणीच बोललं नाही. आता पंपावर 20 टक्के मिसळलेलं मिळतं. 2008 च्या गाडीला चालेल का?

वाघबीळ | बुधवार, संध्याकाळी 7.00

माझ्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय एवढं नक्की. मला हे इथेनॉल पटत नाही.

ऊसकरी | बुधवार, संध्याकाळी 7.20

वाघबीळ दादा, ॲव्हरेज पडणार हे खरं आहे. लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. पण आमच्या उसाचं बिल वेळेवर निघायला त्या इथेनॉलचा हातभार लागतो, हेही तितकंच खरं. गाडी तुमची, ऊस आमचा, दोघांनी थोडं थोडं सोसू.

एकशेवीस_अंश | बुधवार, रात्री 9.30

हिशोब केला तर 20 टक्क्यांच्या मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. तेवढं ॲव्हरेज जाणार. इंजिनाच्या आतल्या धातूपेक्षा इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि सीलची काळजी करा. सतरा-अठरा वर्षांचं रबर इथेनॉलआधीच थकलेलं असतं, नळ्या बदलून घ्या. आणि इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात टाकी अर्धवट भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

घाटवेडा | बुधवार, रात्री 10.05

थोडं अवांतर. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते तेव्हा मी लहानपणापासून जुना राजवाड्याकडून चालत जाऊन तिच्या अगदी जवळ उभा राहतो. लोक सोनं लुटायला येतात, मी ती गाडी सुरू कशी होते ते ऐकायला. एवढ्या जुन्या यंत्राला कुणीतरी वर्षानुवर्षं हात लावतं, तेल घालतं, म्हणून ती चालत येते. पंचगंगाकाठ, जुनी गाडी सांभाळायची आपल्या गावाला सवय आहे. म्हणून पहिल्या दिवशी 'घ्या' म्हटलं होतं.

वाघबीळ | बुधवार, रात्री 10.20

आता कारण सांगितलंत, ते पटलं.

पंचगंगाकाठ | शनिवार, रात्री 8.15

सगळ्यांचे मनापासून आभार. आज चुंबक घेऊन गेलो. उद्यमनगरी स्वतः दुकान सोडून सोबत आले, हे मी विसरणार नाही.

आरसीचं नूतनीकरण झालेलं आहे. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, टकटक दहा-बारा सेकंद, मग गप्प. ऑइल फिल्टरचं हाउसिंग कोरडं. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टना चुंबक चिकटला नाही, काहींवर निळा रंगही शिल्लक.

मग गाडी वर घेऊन खालून बघितलं. वॉटर पंप नवीन दिसला. मालक म्हणाले, दोन वर्षांपूर्वी प्रवासात बंद पडली तेव्हा परगावी एका गॅरेजमध्ये बदलला. पंपाला तीन बोल्ट. तिन्हींना चुंबक खटकन चिकटला. एका बोल्टच्या भोवती ब्लॉकवर पांढुरकी भुकटी. मालकांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते खरंच हळहळले.

बिडकाम काका, ती भुकटी म्हणजे ब्लॉक गेला का?

बिडकाम | शनिवार, रात्री 9.00

पांढरी भुकटी म्हणजे मॅग्नेशियम खायला लागलंय. किती खोल, ते बोल्ट काढल्याशिवाय कळणार नाही. आटे धरून असतील तर साफ करून नवे ॲल्युमिनियमचे बोल्ट घालायचे, बाकी काही नाही. आटे गेले असतील तर इन्सर्ट (नव्या आट्यांची छोटी नळी) घालावा लागेल, आणि तोही मॅग्नेशियमला चालणारा. मिळेल तो पोलादी घालू नका, पुन्हा तीच बॅटरी.

दोन वर्षं झालीत. दहा झाली असती तर मी नको म्हणालो असतो.

उद्यमनगरी | शनिवार, रात्री 9.35

मालकांना मी सांगितलंय, सौदा व्हायच्या आधी त्यांच्या खर्चानं तीन बोल्ट काढू. ते तयार आहेत. भला माणूस आहे. इंजिन पूर्ण गार करूनच हात लावणार.

एकशेवीस_अंश | शनिवार, रात्री 10.10

उद्यमनगरी, कुलंट भरताना एक लक्षात ठेवा. पंप विजेचा असल्यामुळे हवा काढायची रीत वेगळी. इंजिन सुरू करायचं नाही. बॅटरीला चार्जर लावा, इग्निशन चालू, हीटरचं तापमान सगळ्यात वर, पंखा सगळ्यात कमी. मग ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून धरा. पंप आपोआप सुरू होतो, साधारण बारा मिनिटं फिरून हवा काढतो. नंतर पातळी बघून भर घाला. नुसतं इंजिन सुरू करून हवा काढायला गेलात तर हेडमध्ये बुडबुडा अडकायचा धोका.

उद्यमनगरी | शनिवार, रात्री 10.18

हे मला ठाऊक नव्हतं साहेब. बरं झालं सांगितलंत, भिंतीवर लिहून लावतो.

पंचगंगाकाठ | पुढचा गुरुवार, रात्री 9.05

आज बोल्ट काढले. दोन सरळ निघाले, आटे चकचकीत. तिसरा, भुकटीवाला, अर्ध्यात अडला. उद्यमनगरींनी तासभर थेंब थेंब तेल सोडत, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे करत काढला. मी श्वास धरून बसलो होतो. पहिले दोन आटे खाल्लेले, आतले शाबूत. नवे बोल्ट लांबीला पुरतायत, इन्सर्टची गरज नाही.

हवा काढायची रीत तंतोतंत केली. बारा मिनिटं पंपाचा बारीक आवाज ऐकत तिघेही गप्प उभे होतो.

सौदा चार लाख ऐंशी हजारांना ठरला. इंधनाच्या नळ्या, ऑइल आणि थर्मोस्टॅट पुढच्या आठवड्यात. पंखा ओरडला तर काय करायचं ते बायकोला आणि मुलाला सांगून झालंय, सायलीताई.

सायली_क | गुरुवार, रात्री 9.20

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात एकदा बसायला मिळालं तर बरं.

पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री 9.26

रविवारी सकाळी साडेसहाला तावडे हॉटेलच्या चौकात या, बाबांना घेऊन. वाघबीळवरून पन्हाळ्याला जाऊ. पुढची सीट त्यांची.